सदाशिवरावांचा गारवा

"माह्यं तेवढं माह्या पदरात घाला, दुसऱ्याचं नोको," असं रुपीबाई सदा म्हणायच्या. किराणा दुकानात म्हणायच्या, पंगतीत दुसऱ्यांदा भात घेऊन आलेल्यालाही म्हणायच्या. आमच्या बाभुळगावात हे वाक्य ऐकलं की लोक वळून न पाहताच ओळखत, रुपीबाई आल्या.

त्यांचं दोन खोल्यांचं घर. एक पंखा, एक कूलर, एक टीव्ही. लेक बाळंतपणाला आलेली. बाहेर ऊन असं, की रस्त्यावरची सावलीसुद्धा भिंतीला चिकटून बसावी. अन् त्या उन्हाळ्यात विजेचं बिल असं आलं, जणू घरात पिठाची गिरणी चालते. रुपीबाईंनी आधी टीव्ही बंद केला, मग कूलर. बाळंतीण अन् तान्हं लेकरू ओल्या चादरीआड निजू लागले. बिल तरी फुगतच गेलं. वर वीज कंपनीचा माणूस सांगून गेला, भरलं नाही तर लाईन कापू. म्हणजे लेकराच्या डोक्यावरचा पंखाही जाणार.

शेजारी सदाशिवरावांचं घर. मधली भिंत एकच, अन् दोघांचे मीटर तिच्यावरच शेजारीशेजारी. सदाशिवरावांनी नवा एसी बसवला होता, पण बिल चिमूटभर. ओट्यावर उभं राहून ते शिकवायचे.

"वयनी, लाईट वापरायले अक्कल लागते. आमच्याकडं एसी चालते, तरी बिल नाही. तुम्ही काहून एवढी जाळता?"

"मी रोज उठून तारा चाटतो ना, भाऊ!" रुपीबाई म्हणायच्या.

यवतमाळला वीजग्राहकांची तक्रार ऐकणारा मंच आहे, वीज नियामक आयोगाच्या नियमानं बसवलेला, हे रुपीबाईंना बचत गटात कळलं. त्या एसटीनं गेल्या. मंचानं सांगितलं, निकाल लागेस्तोवर लाईन कापायची नाही, अन् इंजिनिअरनं घरी जाऊन मीटर तपासायचा. तेव्हापासून आयोग म्हणजे रुपीबाईंना घरचा कोणी वाटू लागला.

इंजिनिअर आले. त्यांच्या हातात चहा देत रुपीबाईंनी विचारलं, "आयोगसाहेब नाही आले?"

"मावशी, आयोग काही कोणी माणूस नाही."

"माणूस नाही, म्हून तर ऐकून घेतलं!"

इंजिनिअर हसत भिंतीपाशी गेले. रुपीबाईंच्या बिलावर जो नंबर होता, त्या मीटरखालचं बटण त्यांनी खाली ओढलं. सगळ्यांचे डोळे रुपीबाईंच्या पंख्यावर. पंखा आपला निवांत फिरत राहिला, जणू त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

शेजारून आरोळी आली, "लाईन कोणं बंद केली बे? एसी बंद पडला!"

बनियनवरच सदाशिवराव ओट्यावर आले. इंजिनिअरनी बटण वर केलं, आत एसी घरघरला. खाली केलं, गप्प झाला. मीटर बसवणाऱ्यानं या घराची तार त्या मीटरला जोडली होती, अन् त्या घराची या मीटरला.

"म्हंजे भाऊ," रुपीबाई म्हणाल्या, "उन्हाळाभर तुमची अक्कल माह्या मीटरवर चालली?"

"मले काय ठाऊक वयनी? आईची आन."

"ठाऊक असतं, तं असे बोंबलले नसते तुम्ही."

तारा त्याच दुपारी सरळ झाल्या. बिलं दुरुस्त होतील, ज्याचं त्याच्या नावावर जाईल, रुपीबाईंची लाईन राहील, असं इंजिनिअर सांगून गेले. लेकीनं कूलरमध्ये पाणी ओतलं. रुपीबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पिशवी उचलली, अन् सावकाश बाजाराच्या वाटेला लागल्या.

ओट्यावर सदाशिवराव उभेच होते. मागं घरात एसी सुरू झाला.

"बंद कर वं ते," त्यांनी बायकोला सांगितलं, अन् रुपीबाई वळणाआड जाईस्तोवर पाहत राहिले.