दोन्ही बटनं नुसतीच ‘बटन’

काल सकाळी बीड बायपासजवळच्या सातारा परिसरातल्या आमच्या अख्ख्या अपार्टमेंटचं पाणी मी बंद केलं... आणि मला पत्ताच नव्हता!

मला दिसत नाही. फोनमधला स्क्रीन रीडर पडद्यावरचं वाचून दाखवतो, त्यावर माझी बँकेची कामं, बिलं, सगळं चालतं. यंदा बोअर आटल्यापासून टँकर मागवायचं कामही मीच घेतलंय.

आधी हे फोनवर व्हायचं. आता टँकरवाल्यांनी वेबसाइट काढलीय... टँकर रोजचा ठरलेला, सकाळी तिथं त्याला ‘हो’ म्हणायचं, नको असेल तर रद्द करायचं.

पान उघडलं. आवाज म्हणाला, “बटन”... पुढं सरकले, पुन्हा “बटन”. कशाचं, ते नाहीच! पहिलं ‘हो’चं असेल म्हणून दाबलं. आवाज गप्प. मी निवांत ऑफिसला गेले.

दुपारी शेजारच्या फरजाना भाभींचा फोन. त्यांची मुलगी बाळंतपणानंतर नुकतीच घरी आलीय. “मॅडम, टाकी में बूंद नै है. बच्चे के कपडे कैसे धोना?”

मी टँकरवाल्यांना फोन लावला. “मॅडम, सकाळी तुम्हीच तर कॅन्सल केलं!”

त्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज... ‘हे काम दिसणाऱ्या माणसाकडे द्या.’ तोही माझ्याच फोननं मला वाचून दाखवला.

हातापाया पडून संध्याकाळी टँकर आणवला. टँकरवाल्यांकडं काम करणाऱ्या, साइट बनवणाऱ्या अक्षयलाही घरी बोलावलं.

“ताई, एकदम सोपं आहे. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे...” बोलता बोलता थांबला.

मी फोन त्याच्या हातात दिला. “डोळे मिट आणि उद्याचा टँकर बुक कर.” बटन... बटन... त्यानं दाबलं. डोळे उघडून बघतो तर बुकिंग रद्द!

स्क्रीन रीडरला रंग कळत नाही. कोडमध्ये बटनाला जे नाव दिलंय, तेवढंच तो बोलतो. आणि ‘रद्द झालं’ ही सूचना पडद्यावर उमटत होती, पण ती बोलून दाखवायची सोयच कोडमध्ये नव्हती.

अक्षयनं तिथंच लॅपटॉप उघडला. थोड्या वेळानं माझा फोन स्वच्छ बोलला... “टँकर बुक करा, बटन.” “बुकिंग रद्द करा, बटन.”

मला वाटलं, संपलं. पण अक्षय जागचा उठेना.

“ताई... बीड बायपासला एक काका आहेत. शुगरनं नजर गेलीय त्यांची, तेही तुमच्यासारखंच ऐकून बुक करतात. ‘मी बुक केलंय’ म्हणून सारखे भांडायचे. आम्हाला वाटलं, विसरतात. घरच्यांनाही तेच वाटतंय... डोक्याच्या डॉक्टरकडं नेणार आहेत त्यांना.”

तिथल्या तिथं काकांना फोन लावायला लावला, स्पीकरवर. अक्षयनं सगळं सांगितलं, माफी मागितली.

मग काका म्हणाले, “म्हंजे मला येड लागलं नाय तर. थांबा... सुनेकडं फोन देतो. हेच तिला एकदा सांगा.”

अक्षय तिला पुन्हा पहिल्यापासून सांगत होता, आणि मागून काकांचा आवाज येत होता... “ऐक... नीट ऐक.”

कोडमध्ये दोन नावं लिहायची राहिली, तर एका घरानं चांगल्या शहाण्या माणसाला वेड्यात काढलं... मी अजून सावरलेले नाही. अक्षय, तू तो फोन टाळला नाहीस, त्याबद्दल मनापासून आभार.