काळ्या पडद्याआडचा चष्मा

आधी काकूंचं सांगते, कारण त्या नसत्या तर पुढचं सांगायला मी इथे उरलेच नसते. कागल एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्या कित्येक वर्षं तपासणीच्या दिव्याखाली उभ्या. हुपरीकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. मी यवतमाळकडची, आठवीत शाळा सुटलेली. तडा कसा ओळखायचा हे मला त्यांनीच शिकवलं.

आमचं काम काळ्या पडद्याआड. ट्रकच्या स्टिअरिंगला लागणारा ओतीव लोखंडी भाग, आमच्या भाषेत जॉब, चुंबकात धरायचा, त्यावर एक द्रव ओतायचा आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली फिरवून बघायचा. एरवी न दिसणारा तडा मग हिरव्या केसासारखा चमकतो.

गेल्या उन्हाळ्यात मला लांबचं दिसेना. दुकानदार म्हणाला, उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा घ्या, बसस्टॉपवर बरं पडतं. घेतला, आणि तोच घालून आत जाऊ लागले. दोन-चार दिवसांत लक्षात आलं, हिरवं फिकट दिसतंय. मला वाटलं, डोळे चालले. कुणाशी बोलले नाही. डोळे गेलेल्या बाईला दिव्याखाली कोण ठेवणार? आणि काम सुटलं तर कोणत्या तोंडाने गावी जायचं? मी प्रत्येक जॉब दोनदा फिरवायचे, काही दिसलं नाही की माझा शिक्का मारायचे.

मग गिऱ्हाइकाकडून दोन तडकलेले जॉब परत आले. शिक्का माझाच. साहेब यायच्या आत मी काकूंना रडत सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढला, थोडा वेळ दिव्याखाली धरला आणि पडदा सारून उजेडात आणला. काचा कोळशासारख्या झाल्या होत्या.

"डोळं न्हाईत गं गेलं तुझं," काकू म्हणाल्या. "उनातलं जे किरण काच काळी करत्यात, त्येच ह्या दिव्यात हाईत. रोज शेजारी असतो की मी, आनि मला कळू ने व्हय?"

चष्मा बाजूला ठेवून आम्ही दोघींनी गोदामातला सगळा माल परत तपासला. आणखी पाच निघाले. पण एक गाडी आधीच गेली होती. साहेबांनी फोनवर फोन केले, पेट्या थांबवल्या. एक पेटी मात्र सापडली नाही. त्यातले जॉब कुठल्या ट्रकांना बसले, कळायला मार्ग नाही. हायवेवर मागून ट्रकचा आवाज आला की मी अजून रस्त्याच्या कडेला सरकते.

साहेब मला काढायलाच निघाले होते. काकू मध्ये पडल्या. "शिकवलं मी. चष्मा बगायचं काम माझं हुतं. तिला ऱ्हाऊ द्या."

मला राहू दिलं. त्यांना ग्राइंडिंगला, म्हणजे ओतलेले जॉब घासायला पाठवलं, वाळूच्या धुळीत. तोंडाला फडकं बांधतात, तरी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा खोकला दारापर्यंत ऐकू येतो. मी विचारलं तर म्हणतात, तू तुझं काम बग.

तपासणीचा दाखला मिळवायला दहावी लागते. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मी भरलाय. गणित जड जातंय. पण दाखला हाती आला की दिव्याखाली कुणाला उभं करायचं, हे ठरवताना साहेबांना माझंही ऐकावं लागेल. काकू, त्या धुळीतून तुम्हाला मी परत आणीन. उशीर लागेल, पण आणीन.