साहेबराव मिस्त्रींचे कान

साहेबराव मिस्त्री गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, ओठांकडे बघायचे. नवखा माणूस अवघडून मिशीच पुसायला लागायचा. मला वाटायचं, म्हातारा आढ्यताखोर आहे. तो होताच, पण कारण वेगळं होतं. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि मोंढ्याच्या बाजारात हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. बहिऱ्या मिस्त्रीकडं इंजिन कोण देणार?

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या शेडला लागून, मधे नुसता पत्रा. त्यामुळे त्यांच्या घरचं सगळं मला ठाऊक. नव्या गाड्या ते घ्यायचेच नाहीत. "त्यांचं बेअरिंग डब्यात मिळतंय. काढा, बसवा, घरी जावा. त्याला मिस्त्री कशाला?" त्यांच्याकडे यायच्या त्या कुणाच्या तरी आजोबांच्या मोटारी. त्यांच्या क्रँकखालची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या आसाखालची, मेन बेअरिंगं जागच्या जागी ओतावी लागत. झिजलेला धातू वितळवून काढायचा, नवा ओतायचा, मग सगळ्या बेअरिंगांतून एकच लांब दांडा आरपार घालून हातानं फिरवत भोकं एका ओळीत कापायची. दांडा त्यांच्या उस्तादांचा, निजामाच्या वेळचा. "घाई केली की दांडा चिडतो," म्हणायचे. दांड्याचं मला माहीत नाही, ते मात्र बिनघाईचेही चिडायचे.

कापून झालं की तेलात कालवलेला शेंदूर क्रँकला लावून ती बेअरिंगमध्ये फिरवायची. जिथं शेंदूर उमटेल तिथं उंचवटा, तेवढाच खरवडायचा. एकदा एका गिऱ्हाइकाची आई सोबत आली. शेंदूर बघून तिनं हात जोडले आणि पिशवीतलं हळदकुंकू काढून वाहिलंसुद्धा! मिस्त्री कडाडले, "अवो मावशी, देव नाय तो, खोट हाय! खोटीला कुंकू लावताय व्हय?" सगळं धुऊन पुन्हा करावं लागलं. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू होता.

खरी परीक्षा घ्यायच्या त्यांच्या बायको, भागूबाई. माहेर शेंद्र्याकडचं, मेंढरांमागं वाढलेल्या. पाठ फिरवून बसल्या तरी कुठलं कोकरू ओरडलं ते सांगायच्या. त्या माळावर आता कारखाने आले. मेंढरं गेली, कान राहिले. मिस्त्री इंजिन लाकडी घोडीवर चढवून चालू करायचे आणि भागूबाई बाभळीची काठी त्याला टेकवून दुसरं टोक कानाला लावायच्या. गिऱ्हाईक समोर असलं की मात्र काठी मिस्त्रींच्या कानाला आणि भागूबाई चहा घेऊन गिऱ्हाइकाच्या मागं उभ्या. त्यांनी डोक्यावर पदर ओढला की मिस्त्री कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "अजून कसर हाय. उद्या या." काय थाट असायचा!

पैठणचं धरण तळाला गेलं त्या साली नळाला आठवड्यानं पाणी यायचं आणि गल्ली टँकरमागं पळायची. इंजिन चालवायचं तर पाणी हवंच. "माणसाला प्यायला नाय आन् ह्यांच्या लोखंडाला तहान!" म्हणत भागूबाई स्वतःच्या आंघोळीची बादली आणून ओतायच्या.

त्याच उन्हाळ्यात भागूबाईंनी अंथरूण धरलं. शेडमध्ये एका वकिलांच्या आजोबांची मोटार होती. मिस्त्रींनी ओतलं, कापलं, खरवडलं आणि इंजिन अंगणात त्यांच्या बाजेपाशी ओढून आणलं. वकील समोरच खुर्ची टाकून बसलेले. इंजिन सुरू झालं. "वा, काय गोड चाललंय!" वकील म्हणाले.

भागूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. बाजेच्या उशाशी बसून मी मनात म्हणत होते, बाई, आता बरं म्हणा आणि सुटा. त्यांनी पदराला हात घातला, पण हात वर जाईना. मिस्त्री वाट बघत होते. मग सगळ्यांदेखत, ओठ नीट हलवत, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मागचं लंगडतंय."

वकील एकदा त्यांच्याकडे, एकदा मिस्त्रींकडे बघत राहिले. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. "व्हय, मला नाय ऐकू येत. हिला येतं. इंजिन न्यायचं तर न्या."

"खोला," वकील म्हणाले.

खोललं, तर शेंदूर मागच्या बेअरिंगच्या एकाच कडेला उमटलेला. तेवढं बेअरिंग नव्यानं ओतलं. मिस्त्री दांडा फिरवत असतानाच बाजेवर भागूबाईंना धाप लागली. मी शेडच्या पत्र्यावर हात आपटून त्यांना हाक मारली आणि मग जीभच चावली. त्यांना कुठून ऐकू येणार? धावत जाऊन खांद्याला हात लावावा लागला. तोवर भागूबाई गेल्या होत्या.

भागूबाईंचे दिवस झाल्यावर मिस्त्रींनी ते इंजिन पुरं केलं आणि चालू केलं. वकील आले, गल्ली जमली. बहिरेपण आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं, पण काम कुणी काढून नेलं नव्हतं. उलट आणखी एकजण इंजिन घेऊन दारात उभा होता. वकील म्हणाले, फार छान. चहावाला म्हणाला, मख्खन. मिस्त्रींनी काठी माझ्या हातात दिली. मी कान लावला. मला काय कळतंय, नुसती घरघर! तरी म्हणाले, "छान आहे मामा."

ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"तू बी छानच म्हणणार, पोरी," ते म्हणाले. "लंगडतंय म्हणणारी गेली माझी."

मला रडू आवरेना. दारातल्या माणसाला त्यांनी हात जोडले आणि इंजिन परत न्यायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी कुणाचंही इंजिन खोललं नाही.