मामींची दाद

चहा उकळतोय तोवर सांगून टाकते, पण एका अटीवर. हे माझ्या सासरी कळता कामा नये.

संजयची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, चेन्नईला बदली झाली आणि आम्ही नुंगंबाक्कमला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. खाली घरमालक, मामी आणि मामा. तिकडे वयस्कर शेजाऱ्यांना मामा-मामीच म्हणतात, त्यामुळे मला आल्या आल्या आजोळ मिळालं. फक्त त्या आजोळची भाषा मला येत नव्हती. संजय ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुकरच्या शिट्ट्या.

म्हणून मी युकुलेली घेतली. गिटारचं धाकटं भावंड, चारच तारा. म्हटलं, चार तारांना काय घाबरायचं? मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकायला बसले. सी कॉर्ड एका बोटाची. एफला दोन बोटं. जीला तीन, आणि तिथे माझी बोटं एकमेकांच्या पायात पाय घालून पडायची. त्यात तारा नव्या. नव्या तारा सैलावत राहतात, रोज सुरात लावाव्या लागतात, हे मला कुठे ठाऊक?

एका दुपारी खालून मामींचा आवाज आला, "पोदुम मा, पोदुम."

गॅलरीतून डोकावले, तर मामी अंगणात उभ्या. हात वर, पंजा माझ्याकडे.

आता तुम्हीच सांगा. नुकतीच देवळाची मिरवणूक पाहिली होती. तिथे पोरं ढोलवाल्यांना "पोडू, पोडू" म्हणून चढवत होती, आणि संजयने मला सांगितलं होतं की पोडू म्हणजे होऊन जाऊ दे. मामींचंही मी तेच ऐकलं. वर आशीर्वादाचा हात. माझे डोळे भरून आले हो. एवढ्या मोठ्या शहरात कुणीतरी मला वाजव म्हणत होतं.

मग काय, खुर्ची गॅलरीत. बरोबर त्यांच्या झोपायच्या खोलीच्या डोक्यावर.

पुढे एकदा मामी स्वतः वर आल्या, ताटलीत मुरुक्कू घेऊन. आपल्या चकलीसारखाच तो. युकुलेलीकडे बोट दाखवून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "पोदुम, मा." मी ताटली ठेवली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि सी, एफ, धडपडत जी, सगळं पहिल्यापासून ऐकवलं. जाताना त्या कपाळ चोळत होत्या. मला वाटलं, भारावल्या.

शनिवारी संजय घरी होता. मी वाजवत असताना खालून तीच हाक आली, तशी मी ऐटीत म्हटलं, "ऐक, फर्माइश आली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, पोदुम म्हणजे पुरे."

"पोडू म्हणतात त्या."

"पोदुम म्हणतात. पुरे. बास कर."

मी युकुलेली कपाटावर ठेवली, पार मागे. मामींशी गाठ पडू नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरायला लागले. त्या शहरात माझ्याशी बोलणारी एकच बाई होती, आणि तिची झोप मी उडवली होती.

तर काही दिवसांनी मामीच दारात. आवाज का बंद झाला, ताप आलाय का, असं त्या तमिळ-इंग्रजीच्या मिसळीत विचारायला लागल्या. मी संजयकडून पाठ करून घेतलेली माफी मागितली आणि पोडू-पोदुमचा घोळ हातवारे करून सांगितला. मामी हसता हसता जिन्यावरच बसल्या. मग माझा हात धरून सावकाश म्हणाल्या, "दुपारी मी झोपते ना, मा. चार वाजल्यावर वाजव. घर फार गप्प असतं गं आमचं."

तेव्हापासून चार वाजता मी खाली. मामी कानानेच ओळखून तारा सुरात लावून देतात, कॉफी देतात. मामा आरामखुर्चीत डोळे मिटून मान डोलावतात आणि शेवटी म्हणतात, "सुपर." एकदा म्हणून हा माणूस कंटाळला नाही. मी संजयला सांगायचे, खरा रसिक कोण असेल तर मामा.

परवा मी जरा लवकर खाली गेले. मला युकुलेली घेऊन येताना पाहून मामा प्रेमाने हसले, बसायला खूण केली, कानातलं ऐकायचं यंत्र काढून डबीत ठेवलं, आणि डोळे मिटून मान डोलवायला लागले. मी अजून तार छेडलीसुद्धा नव्हती.