बिनअक्षतांचं लग्न

तुळशीचं लग्न जवळ आलं की माझी चिडचिड सुरू व्हायची. बाकीच्या घरांत त्या दिवसांत ऊस, चिंचा, आवळे आणायची धांदल असते. मी पंचांग पुढ्यात घेऊन लग्नाचे मुहूर्त मोजत बसायचे आणि एकेका मुहूर्ताला मनातल्या मनात शिव्या घालायचे. पितृपंधरवडा मला लई प्यारा. अधिक महिना म्हणजे तर दिवाळीच. चातुर्मास कुणी बारा महिन्यांचा केला असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

कारण साधं होतं. मी स्केटिंगच्या स्पर्धा खेळायचे आणि माझी सरावाची जागा म्हणजे आमच्या आण्णांचं मंगल कार्यालय.

स्केटिंग म्हटलं की लोकांना शर्यत वाटते. माझी शर्यत नव्हती. चार चाकांचे बूट घालून गाण्यावर गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या, एका पायावर वर्तुळं काढायची. टीव्हीवर बर्फावर करतात तेच, फक्त खाली फरशी. ‘मुळशीत बर्फ कुटं मिळायचा, फ्रीजमधी?’ हा विनोद मी दर दिवाळीला नव्या पाहुण्याकडून ऐकलाय. हसणं मात्र मला कधी जमलं नाही.

आण्णा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. भुकूमची बरीचशी जमीन त्यांनी बिल्डरला दिली आणि रस्त्याला लागून असलेल्या तुकड्यावर हॉल बांधला. घोटलेली कोटा फरशी, मधे एकही खांब नाही. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वास्तुशांतीला सगळे छताचं झुंबर बघत होते, आणि मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका पायावर जाता येईल का ते बघत होते. पुण्यातल्या रिंकवर, शिकवणाऱ्या मॅडमकडे, मला आठवड्यातून दोनदाच जाता यायचं. वडील उरवड्याच्या कंपनीत पाळीला जायचे, त्यांची पाळी जुळली तरच. बाकीचे दिवस हॉल माझा. अर्थात लग्न नसेल तर.

लग्न झालं की दुसऱ्या दिवशी खरा त्रास. अक्षता. झाडणाऱ्या बायका मन लावून झाडायच्या, पण तांदूळ फरशीच्या सांध्यांत अडकून बसतो. एक दाणा चाकाखाली आला की चाक जागच्या जागी थांबतं, तुम्ही मात्र थांबत नाही. माझ्या हनुवटीवर अजून एक खूण आहे, ती कुणाच्या तरी शुभमंगलाची.

म्हणून मी आणि ताई पहाटे साडेपाचला हॉलवर जायचो. ताई आण्णांची मुलगी, माझ्याहून एका वर्षाने मोठी. तिला स्केटिंगचं काडीचं वेड नव्हतं, पण माझी हनुवटी फुटली तेव्हा ती तिथेच होती. तेव्हापासून हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं. आधी झाडू, मग ओलं फडकं, मग तळहात. गुडघ्यांवर रांगत ती सगळ्या फरशीवरून हात फिरवायची आणि सापडलेले दाणे मुठीत गोळा करून बाहेर चिमण्यांना टाकायची. फडकं मारल्यावर फरशी वाळेपर्यंत दहा मिनिटं थांबावं लागे. ती दहा मिनिटं मला कधी निघाली नाहीत. मी बूट बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे.

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,” ती म्हणायची. “बस की गप.”

मी बसायचे नाही.

त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते. राज्याच्या संघात माझ्या गटातून दोनच मुली घेणार होत्या. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, “डबल ॲक्सल नीट उतरलीस तर तू आत आहेस. नाही उतरलीस तर पुढच्या वर्षी लहान पोरी तुझ्या पुढे गेलेल्या असतील.” ही उडी समोर तोंड करून घ्यायची, हवेत अडीच फेरे मारायचे आणि पाठमोरं एका पायावर उतरायचं. मला ती जमत होती, पण रोज हात लावला नाही तर रुसायची. एक दिवस चुकला की माझे पाय जेवताना टेबलाखाली हलत राहायचे. आई म्हणायची, पाय हलवू नकोस, दारिद्र्य येतं.

आणि ताईचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झाल्यावरचा पहिलाच शनिवार, गोरज मुहूर्त, आमच्याच हॉलवर. निवड चाचणी रविवारी दुपारी, पुण्यात.

म्हणजे आख्खा आठवडा हॉल बंद. मांडव, हळद, पाहुणे. मी ताईवर रागावले, सरळ सांगते. तिचं लग्न होतं आणि मी तोंड फुगवून हिंडत होते. तिने तीन दिवस सहन केलं आणि चौथ्या दिवशी मला मुदपाकखान्यामागे गाठलं.

“रविवारी पहाटं तू हॉलवर येणारच. व्हय का न्हाई?”

“मॅडमनी सांगितलंय, त्या दिवशी आराम करायचा.”

“ते मॅडमना सांग. येणारच तू. आन् मी तर सासरी आसंन, फरशीला हात कोण फिरवणार?” मग म्हणाली, “माझ्या लग्नात एक दाणा पडणार न्हाई. मी बघते.”

तिने आण्णांना सांगितलं, अक्षता नकोत, फुलांच्या पाकळ्या टाकायच्या. अन्न पायाखाली कशाला तुडवायचं, असं कारण दिलं. म्हाताऱ्यांनी गदारोळ केला. भाताच्या मुलखात तांदळाशिवाय लगीन लागलं कसं म्हणायचं, असं एकीने मला ऐकवलं, जसं काही मीच नवरी होते. ताई हलली नाही. खरं कारण आम्हा दोघींनाच माहीत होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिच्या डोक्यावर झेंडू-गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून तिने मान वाकडी करून मला शोधलं. मला रडू आलं. आठवडाभर केलेल्या रागाची लाज वाटली.

रविवारी पहाटे साडेपाचला मी हॉलवर पोचले. बायकांनी रात्रीच झाडून घेतलं होतं. मी एकदा झाडू फिरवला. दाणा नव्हता. दाणा नाही म्हटल्यावर फडकं कशाला, तळहात कशाला? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी फरशीला हात न लावता बूट बांधले. आठवडाभर पायांत साठलेलं होतं, मला एक मिनिटही थांबवत नव्हतं.

पाकळ्या वाळून गेल्या तर काही करत नाहीत. पण सगळ्या वऱ्हाडाच्या पायाखाली चुरडल्या की त्यांचा रस दगडाला बसतो. झाडूने तो निघत नाही, ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाही, हाताला मात्र लगेच कळतो. पहिली उडी छान गेली. दुसऱ्या उडीला मी अडीच फेरे पुरे केले, उजवा पाय टेकला आणि चाकं बाजूला सरकत गेली. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी आडवी पडले तेव्हा नाकाशी झेंडूचा वास आला.

वडिलांना मी घसरले एवढंच सांगितलं. गुडघ्याला पट्टा बांधून त्यांच्या गाडीवरून चाचणीला गेले. उडी सोडून बाकी सगळं केलं. तिसरी आले. दोघीच घेतल्या.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिकडे सत्यनारायणाची गडबड ऐकू येत होती.

“पडलीस? कुटं पडलीस?”

“पुण्यात. सरावाच्या वेळी.”

“बघ. आपल्या हॉलवर पडली नसतीस,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? बाकीच्यांना सांगितलं असतं तर नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणाले असते. आणि तिला सांगायची तर मला छातीच झाली नाही.

गुडघा बरा झाला, म्हणजे चालण्यापुरता. त्या उडीला मी पुन्हा हात घातला नाही. आता भूगावच्या दोन सोसायट्यांत पोरांना शिकवते. आमच्या हॉलवर मात्र पाकळ्यांची रीतच पडली. आण्णा प्रत्येक वधूपित्याला सांगतात, माझ्या लेकीनं सुरू केलं. ताईही चारचौघांत अभिमानाने सांगते, माझ्या लग्नात दाणा पडला न्हाई. असं काही निघालं की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते.

परवा ती माहेरी आली होती. आदल्या दिवशी हॉलवर लग्न झालेलं. सकाळी म्हणाली, चल, जुन्यासारखं जाऊ, तू नुसती फिर, मी बसते. मी बूट बांधत होते आणि ती सवयीने गुडघ्यांवर बसली. तळहात फरशीवर ठेवला, थोडा पुढे नेला आणि थांबली. बोटं एकमेकांवर घासून बघितली. बोटांना रस लागला होता.

“तवा बी आसंच झालं हुतं?”

“नाही गं. तुझ्या लग्नातल्या वाळक्या होत्या.”

“तुला खोटं बोलाय कवा आलं न्हाई.”

माझ्या हातात बुटाच्या नाड्या होत्या. मी म्हटलं, “ताई, हात मी फिरवला नव्हता. चूक माझी होती. दहा मिनिटं मला निघाली नाहीत.”

ती उठली आणि बादली भरून आणली. मी फडकं मागितलं, तिने दिलं नाही. चांगल्या साडीचा पदर खोचून तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी फरशी पुसली, दोनदा पाणी बदललं. मग येऊन माझ्याशेजारी बसली. तिचे डोळे ओले होते, माझेही.

“आता वाळू दे,” ती म्हणाली.

मी बूट बांधलेले होते. फरशी पूर्ण वाळेपर्यंत मी तिच्याशेजारी बसून राहिले.