आबांचं बावखल

आमच्या ओटीवर पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा होता आणि आबा दिवसभर त्यावर बसलेले असत. पण त्यांना झोका घेताना कुणी पाहिलं नव्हतं. दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून बसायचे. लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी मी धाकटी सून म्हणून या घरात आले, तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांना चक्कर येत असेल. एकदा चहा देताना धीर करून विचारलंच. म्हणाले, "झोके पोरांनी घ्यायचं गो. शेटनी नुसता बसायचा." आणि स्वतःच्याच तोंडच्या 'शेट' शब्दाला खुदकन हसले.

हे शेट आधी गडी होते. सोपाऱ्याच्या पुढं, कळंबच्या वाटेवर एका सावकाराची केळीची वाडी होती, तिथं पोरवयापासून त्यांनी रेड्याचा रहाट हाकला. पुढं तुकडाभर जमीन खंडानं घेतली, राजेळी केळी लावली आणि सुकेळी करून मुंबईला पाठवू लागले. लढाईत साखर रेशनवर गेली आणि वाळवलेल्या केळ्यांना सोन्याचे दिवस आले. आबांनी एकेक करत आजूबाजूच्या वाड्या घेतल्या. शेवटी ज्या वाडीत गडी म्हणून राबले तीच विकत घेतली, तिच्यात दुमजली घर बांधलं, आणि घर पुरं होताच पोरांनी त्यांना उचलून झोपाळ्यावर ठेवलं. कारभार थोरल्याच्या हाती गेला. "कारभार दिला म्हंजे दिला," आबा म्हणत, "मागून हात नाय घालायचा." ही अट त्यांनी स्वतःच घातली होती, हे मुद्दाम सांगते.

थोरले भावोजी वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. बाजारात वावरून त्यांची बोली बदलली होती, घरातही ते पुस्तकी बोलत. "आबांनी जन्मभर चिखल तुडवला," ते म्हणत, "आता त्यांच्या पायाला माती लागली तर आम्ही मुलं कशाला?" आणि ते मनापासून म्हणत. आबांसाठी परीटघडीचं धोतर आलं, काळी टोपी आली, कोल्हापुरी चपला आल्या. माडावर चढायची बंदी झाली, पाटाचं पाणी वळवायची बंदी झाली. आम्ही बायका सुकेळ्यांसाठी केळी सोलायला बसलो की आबा हळूच येऊन पाटावर बसत. तेवढ्यात भावोजींची चाहूल लागायची, आणि आबा हातातलं केळं तोंडात कोंबून, खायलाच आलो होतो असा चेहरा करायचे. एकदा तर अर्धं कच्चं केळं गिळलं बिचाऱ्यांनी. आम्ही पदरात तोंड लपवून हसलो. पण रात्री त्यांचं पोट दुखलं तेव्हा मला रडू आलं.

पानमळा तेवढा त्यांच्या ताब्यात राहिला होता, तोही एका युक्तीनं. आमच्याकडं विड्याच्या पानांच्या मळ्यात पायताण घालून जात नाहीत. वेल विटाळते म्हणतात. त्यामुळं रोज सकाळी, "वेलीवर कीड पडली का बगून येतो," असं म्हणत आबा उठायचे आणि मळ्याच्या दाराशी चपला अशा काढून टाकायचे, की एक इकडं आणि दुसरी कुंपणात. कीड कसली! ओल्या मातीत पाय रोवून ते नुसते उभे राहायचे. मी पानं खुडायला गेले की तिथं आमच्या गप्पा व्हायच्या. घरात मी त्यांच्यासमोर मान वर करत नसे. मळ्यात दोघंही मोकळे. विचारल्याशिवाय मला फाटकाबाहेर जाता येत नसे आणि त्यांनाही येत नसे. आमचं जमलं ते त्यामुळंच असणार.

वाडीच्या मधोमध बावखल होतं. आमच्या भागात वाड्या शिंपायला गोड्या पाण्याचे मोठे खड्डे खणतात, त्यांना बावखल म्हणतात. याच बावखलावर आबांनी रहाट हाकला होता. पण भावोजींनी नवी विहीर खणली, तिच्यावर तेलाचं इंजिन बसवलं, आणि एका रात्री जेवताना सांगितलं, "होळी झाली की बावखल बुजवून घेतो. डास होतात. माल ठेवायला तिथं मोठी शेड होईल." आबांनी भाताचा घास हातात तसाच धरला. "बरा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पानमळ्यात मी म्हटलं, "आबा, नको म्हणा की."

"कारभार दिला ना मी." त्यांनी वेलीचं एक पिवळं पान खुडलं. "मी वाडी कशापायी घेतली, ठावं हाय तुला? केळीपायी नाय. लहानपनी गावची पोरं घड कापल्यावर केळीचं बुंदं घेत, तराफा बांदत नि या पान्यात धिंगाना घालीत. नि मी रेड्याच्या मागं. थांबलो की मालक वरडं. मी जलमभर त्या पान्याभवती फिरलो गो, पान्यात नाय गेलो. मना वाटला, पैका आला की खेळू. पैका आला, नि आता बसायचा हाय."

मी पानांची टोपली खाली ठेवली. "तुम्हांला पोहता येतं?" ते लाजले. नाही म्हणाले. पासष्टीचा माणूस लाजलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मला येत होतं. माझं माहेर केळव्याचं; विहिरीत उड्या मारून मोठी झालेली मी. होळीच्या आदल्या आठवड्यात भावोजी आणि आमचे हे माल घेऊन स्टेशनवर गेले, जाऊबाई माहेरी होत्या, तो दिवस मी धरला. घड उतरवलेल्या केळींचे बुंधे आबांनी स्वतः कोयत्यानं तोडले. ते शेजारी शेजारी मांडून आडव्या कामट्या ठोकल्या, आणि पानवेल बांधतो त्याच सोपटाच्या, केळीच्या सुक्या सालपटाच्या, गाठी मी मारल्या. कासोटा घट्ट करून मी पाण्यात उतरले. आबा टोपीसकट तराफ्यावर पालथे झाले आणि दोन्ही हातांनी बुंधे कवटाळून देवाचं नाव घेऊ लागले. मी ढकलत ढकलत मध्यावर नेलं. तिथं त्यांनी डोळे उघडले. हळूहळू उठून बसले, पाय पाण्यात सोडले, आणि एकदम ओरडले, "सूनबाय, पाय टेकत नाय! पाय टेकत नाय गो!" घाबरले होते आणि हसतही होते. मग रेड्याला चालवायला म्हणत ते गाणं त्यांनी सुरू केलं. सगळी वाडी दुमदुमली. मी तराफा गोल गोल फिरवत होते.

गाण्यामुळं आम्हांला पावलं ऐकू आली नाहीत. गाडीला मालाचा डबा लागला नव्हता म्हणून ह्यांना मालापाशी ठेवून भावोजी परतले होते, बरोबर दादरचा व्यापारी. काठावरून तो म्हणाला, "शेटना भेटायचं होतं." भावोजींचा चेहरा पांढरा पडला. मी गळाभर पाण्यात, डोक्यावर पदर नाही. तशीच म्हणाले, "शेट कामात आहेत."

व्यापारी हसला. भावोजी ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "आबा, बाहेर या. कोरडं धोतर आणतो." आबांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला. "तूच ये ना, बाबू. दोगांना धरते ही केळ. ये." भावोजी काठावर तसेच उभे राहिले. बुटांना चिखल लागू नये म्हणून की काय, एक पाऊल मागं सरकले. मला त्यांची इतकी दया आली की पाण्यात असूनही अंग तापलं.

होळी झाली. तुंगारेश्वरकडून मुरुमाच्या गाड्या आल्या आणि बावखल बुजू लागलं. आबा झोपाळ्यावरून बघत असत, पानमळ्यातही जाईनात. शेवटची गाडी रिकामी होऊन गेली त्या संध्याकाळी मी दिवा लावायला ओटीवर आले, तर कड्या करकरत होत्या. आबांनी दोन्ही पाय उचलून धरले होते आणि झोपाळा मागं-पुढं जात होता. डोळे मिटलेले. मला पाहिल्यावर हळूच म्हणाले, "टेकत नाय गो."

पुढं दोन पावसाळे ते जगले. रोज झोके घेत. भावोजी कड्यांना तेल घालायला निघाले की आबा म्हणत, "करकरू दे. माझा रहाट हाय तो." गेले तेही झोपाळ्यावरच, दुपारच्या वेळी, धोतर परीटघडीचं आणि पाय उघडे.

तेरावं झाल्यावर झोपाळ्यावर भावोजी बसू लागले. आता शेट तेच. शेड मालानं भरलेली असायची, गाड्या येत-जात असायच्या, आणि ते दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसलेले असायचे. मला बघवेना. एक दिवस चहाचा कप हातात दिला आणि थोरल्या दिराशी कधी बोलू नये ते बोलले, "भावोजी, पाय उचला ना."

त्यांनी कप बाजूला ठेवला. टाचा जराशा उचलल्या, झोपाळा बोटभर हलला, आणि त्यांनी पटकन पाय टेकले. त्यांच्या तोंडून घरची बोली मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

"मना नाय येत गो," ते म्हणाले.