शेकणारी सीट

नवी छोटी गाडी येते तेवढ्या पैशांत मी नऊ वर्षं जुनी, ऐसपैस जर्मन गाडी घेतली, तेव्हा प्रभादेवीच्या आमच्या इमारतीत दोन तट पडले. एक मला वेडी म्हणणाऱ्यांचा. दुसरा, मला वेडी म्हणून वर गाडीतून एक चक्कर मागणाऱ्यांचा. पहिल्या तटाची पुढारी माझी आई होती.

"दुसऱ्यान वापरून टाकलेली वस्तू," ती म्हणाली, "आणि तिचो येवढो थाट!"

घरात आम्ही दोघीच. मी बावन्न वर्षांची, विमा कंपनीत नोकरीला, लग्न न केलेली. आई अठ्ठ्याहत्तरची, पन्नासहून जास्त वर्षं मुंबईत काढूनही मालवणीत बोलणारी आणि मालवणीतच भांडणारी. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे संपावर गेले. टॅक्सीत बसता-उतरताना ती असे काही उद्गार काढायची की टॅक्सीवालाच घाबरून मागे वळून बघायचा. शेवटी तिनं बाहेर पडणंच सोडलं. तेव्हा आईसाठी उंच गाडी हवी, रुंद दाराची हवी, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. ते खरंच होतं. पण वीस वर्षं ऑफिसच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या असल्या गाड्या बघून माझा जीव जळत होता, हेही तितकंच खरं. "मलबार हिलच्या डॉक्टरांची गाडी आहे, मॅडम, एकदम जपून वापरलेली," असं एजंट म्हणाला आणि मी विरघळले. मुंबईत विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी कुठल्या तरी डॉक्टरनंच वापरलेली असते, हे मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी आई नाक मुरडतच पुढच्या सीटवर बसली. मे महिना होता. मी एसी पूर्ण सोडला. पोर्तुगीज चर्चपर्यंत पोचलो असू, आई एकदम ओरडली, "गो, माझा बूड भाजता!"

मी गाडी बाजूला घेतली. बघते तर बसताना तिचं बोट कुठल्याशा बटणावर पडलं होतं आणि तिथे तीन नारिंगी दिवे लागले होते. सीट गरम करायची सोय होती ती. बर्फाच्या देशातल्या लोकांसाठी केलेली आणि मुंबईत कुणाच्या बापाच्या उपयोगाची नसलेली. मी बटण बंद करायला हात पुढे केला तर आईनं माझं मनगट धरलं.

"बंद करू नको," ती म्हणाली. "कमरेक बरा वाटता."

त्या दिवसापासून आई पक्ष बदलून मोकळी झाली. वरून गार वारा, खालून शेक, अशा थाटात ती कुठेही यायला तयार असायची. दादरला हार आणायला, लालबागला मसाला आणायला. काहीच नसलं तर संध्याकाळी सहज विचारायची, "पेट्रोल भरूचा नाय?" पण तिच्या मनात दुसरंच होतं आणि एका रविवारी ते बाहेर आलं.

"वरळीक जाऊया?"

वरळी कोळीवाड्यातल्या एकाच कोळणीकडून आई मासळी घ्यायची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा त्या जागी त्या कोळणीची सासू बसायची. गुडघे गेल्यापासून आमच्याकडे मासळी मोबाइलवरून यायची, कापून, धुऊन, डब्यात घालून. आई त्याला 'पार्सलातलो मासो' म्हणायची आणि जेवताना त्या माशाचा असा पंचनामा करायची की माझा घास घशात अडकायचा. खरं तर तिला माशापेक्षा मासा निवडणं हवं होतं.

मी एकच अट घातली. गाडीतलं कातडं सायीच्या रंगाचं होतं. त्यामुळे मासळी फक्त डिकीत, तीही दुहेरी पिशवीत. आई इतक्या पटकन हो म्हणाली की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कोळीवाड्याच्या गल्लीत माझी गाडी शिरणं शक्यच नव्हतं. बाहेर लावली. कोळीणमावशी गल्लीच्या तोंडाशीच बसायची, त्यामुळे आईला काठी टेकत तीस-चाळीस पावलंच चालायचं होतं. तिला बघून मावशी पाट सोडून उठली.

"बाय गं! मला वाटलं गेलीस का काय!"

"तुझे पैशे देवचे रवले होते म्हणान थांबलंय," आई म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास दोघी एका पापलेटावरून तावातावानं भांडल्या. आईचे गाल लाल झाले होते. दोन वर्षांत तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता. गाडी घेतल्याचं मला त्या क्षणी मनापासून समाधान वाटलं, आणि पहिल्यांदाच त्यात स्वतःची हौस नव्हती.

मग दर रविवारी वरळी. पावसातले मासेमारी-बंदीचे दोन महिने आईनं सुकटीवर कसेबसे काढले. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडल्या, तेव्हा तिनं बांगडे घेतले, कोलंबी घेतली, आणि सहा जिवंत कुर्ल्याही घेतल्या, चांगले मुठीएवढे खेकडे. वर मावशीकडून मला न सांगता भरपूर बर्फ घालून घेतला. बर्फाशिवाय बांगडा मऊ पडतो, हे तिचं शास्त्र. पिशवी दुहेरी होती, अट मोडली नव्हती. फक्त कुर्ल्यांना ती अट कुणी सांगितली नव्हती. परतताना आम्ही नारळ आणि कोथिंबीर घ्यायला दादरला तासभर थांबलो. तेवढ्यात डिकीत काय घडलं ते आम्हाला कळलं नाही. घरी पिशवी हलकी लागली, एवढंच.

चौथ्या दिवशी आईला डॉक्टरकडे नेत होते. परळच्या सिग्नलला, आभाळ कोरडं असताना, वायपर सुरू झाला. मागची काच आपोआप खाली गेली. समोर होते नव्हते तेवढे सगळे दिवे लागले आणि डिकी उघडू-मिटू लागली. शेजारचा स्कूटरवाला हसून हसून बेजार झाला. मग गाडी बंद पडली ती पडलीच.

ओढून नेली ती परळमधल्याच एका गॅरेजात. मालक खोताच्या वाडीतले कॅथलिक गृहस्थ, परदेशी गाड्यांचे जुने जाणकार. सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांनी डिकीचा तळ उचलला आणि आम्ही तिघांनी एकदम नाकं दाबली. खाली वितळलेल्या बर्फाचं हिरवट पाणी साचलं होतं आणि त्यात पिशवी फाडणाऱ्या कुर्लीची एक नांगी तरंगत होती.

"मॅडम, या गाडीची बॅटरी हितं असते आणि अर्धा मेंदू पण हितंच," अंकल म्हणाले. "तुमी हितं कालवण ठेवलंय." आणि ते खो खो हसले.

मला हसू आलं नाही. मी आईकडे वळून त्यांच्यादेखत म्हणाले, "तुझ्या जिभेच्या चोचल्यांपायी माझी गाडी गेली."

आई काठी टेकत बाहेर गेली आणि स्टुलावर बसली. घरी टॅक्सीनं आलो. उतरताना ती नेहमीसारखी ओरडली नाही, साधं 'आई गं'सुद्धा म्हणाली नाही. तिचं ओरडणं परवडलं असतं.

गाडी तीन आठवड्यांनी परत आली. अंकल म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त पुढच्या डाव्या सीटचा हीटर गेलाय. दिवे लागतील, पण सीट तापणार नाही. पार्ट बाहेरून मागवलाय, कधी येईल सांगता येत नाही. मी मान डोलावली आणि विसरून गेले, कारण आई गाडीत बसतच नव्हती.

"तू जा. माका नको," एवढंच म्हणायची. पेट्रोलची चौकशी बंद. मासळीचं नावही नाही.

एका रविवारी मी एकटीच वरळीला गेले. मावशीच्या जागी तिची सून बसली होती. तिनं विचारलं, कोणता देऊ? मी मोठ्या ऐटीत स्वतः एक हलवा मासा निवडला. घरी आईनं त्याचे कल्ले उचलून बघितले, बोटानं पोट दाबलं. मी पंचनाम्याची वाट बघत राहिले.

"बरो आसा," ती म्हणाली आणि मसाला वाटायला गेली.

तो बरा नव्हता. मला पहिल्याच घासाला कळलं. आई मात्र खाली मान घालून निमूट जेवली. माशाबद्दल माझी आई खोटं बोलली, माझ्या भीतीनं! मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी अंकलना जाऊन सगळं सांगितलं. "गाडीत मासा न्यायचा नाय तर गाडी घेतली कशाला?" ते चिडून म्हणाले. आठवड्याभरात त्यांनी डिकीच्या मापाची ॲल्युमिनियमची परात ठोकून दिली, वीतभर उंच काठांची, वर घट्ट झाकण. मजुरी म्हणून भरले बांगडे मागितले, आईच्या हातचे.

आईला मी खाली नेऊन डिकी उघडून दाखवली. तिनं काठीनं परात वाजवून बघितली.

"आई, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं," मी म्हणाले. "आणि तू नसलीस तर मला हलवा निवडता येत नाही."

"ता माका त्याच दिवशी कळला," आई म्हणाली. मग परातीकडे बघत, "दोन डझन बांगडे मावतीत हेच्यात."

अर्ध्या तासात आम्ही वरळीला होतो. मावशी त्या दिवशी जाग्यावर होती. मनसोक्त भांडण झालं. परात भरली, झाकण लागलं. आई सीटवर बसली, पट्टा लावला आणि सवयीनं ते बटण दाबलं. तीन नारिंगी दिवे लागले, आणि मला अंकलचे शब्द आठवले: दिवे लागतील, पण सीट तापणार नाही.

सांगणार होते. तेवढ्यात आईनं डोळे मिटून पाठ टेकली आणि लांब श्वास सोडला.

"आज बरी तापली हा," ती म्हणाली.

"कमी करू?"

"नको. असांदे."

मी हळूच एसी बंद केला आणि प्रभादेवीपर्यंत घाम पुसत गाडी चालवली.